साथचाल

शाळेच्या फाटकाशी वाचती फरशी बसली, त्या दिवसापासून शाल्मली देवतळेनं आपल्या लेकीला मुक्या बुटांशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं.

मुके बूट म्हणजे काही जादू नव्हती. तळव्याखाली तिळाएवढ्या शेकडो पिशव्या, त्यांत पाणी. दर पावलाला त्या अंगाचा भार वेगळ्याच रीतीनं वाटून टाकायच्या. मग फरशीला कळायचं ते इतकंच, की कुणीतरी गेलं. एरवी तिला सगळं कळायचं. टाच कशी टेकली, भार अंगठ्याकडे कसा सरकला, डावं-उजवं किती कमीजास्त झालं, यावरून ती चालणाऱ्याचं वजन सांगायची, वय सांगायची. आणि पुढचंही सांगायची. गुडघा कधी रुसणार, हात कधी थरथरू लागणार, हे माणसाच्या ध्यानात यायच्या पाच-सहा वर्षं आधी त्याच्या टाचेला ठाऊक असतं. बँकेच्या दारात, नोकरीच्या मुलाखतीला, मोठ्या इमारतींच्या तळमजल्यावर अशा फरश्या आल्या होत्या. लग्न जमवताना पत्रिकेशेजारी चालीचा कागद ठेवत. नवी सून कुंकवाच्या पावलांनी घरात आली, की ते पांढरं कापड कपाटात जाण्याआधी एकदा कुठंतरी 'दाखवून' यायचं. सात वर्षांखालच्या मुलांची चाल वाचायची नाही असा कायदा होता खरा. पण कायद्यावर विसंबून कुठली आई झोपते?

आणि या सगळ्याचं बी शाल्मलीच्याच हातून पडलं होतं. चाल वाचणारं मूळ यंत्र तिचंच, पण तिनं ते माणसांसाठी केलंच नव्हतं. केलं होतं डायनोसॉरसाठी.

वर्धा नदीच्या काठी भिवटोला नावाचं तीसेक घरांचं गाव आहे. गावाखाली नदीकडे उतरणारा एक लांबरुंद खडक, आणि त्यावर परातीएवढे खोल खळगे ओळीनं गेलेले. गावात त्यांना 'भिवाच्या वाट्या' म्हणत. भिवा देव इथं जेवायला बसला, वाट्या मांडल्या, जेवून उठला आणि वाट्या तशाच विसरून गेला, अशी गोष्ट. खरं म्हणजे ती पावलं होती. सहा कोटी सत्तर लाख वर्षांपूर्वी या खडकाचा चिखल होता, तेव्हा लांब मानेचा, चार-पाच हत्तींच्या वजनाचा एक डायनोसॉर त्यावरून चालत गेला होता.

शाल्मली दिवाळीपासून तिथंच राहत होती. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, चार वर्षांची बकुळ सोबत, आणि नवरा हेरंब नागपुराहून दर रविवारी यायचा. खडकावर चढताना पायताण काठाशी काढून ठेवायचं, हा नियम तिनंच घातला होता. ठशांच्या कडा इतक्या नाजूक, की तळाला चिकटलेला एक खडाही त्या खरवडून टाकील. कलेक्टर आले, तेही पँट दुमडून अनवाणीच चढले. बकुळला मात्र खडकावर चढायची मनाई होती.

ठसे साफ करायला गावातली गिरजाबाई मडावी होती. साठीची, काटक, तोंडाळ. तिचे वडील जंगल खात्यात वाघाचा माग काढायचे. ठशावर काच धरून पेन्सिलीनं गिरवायचे. तिची नजर त्यांच्यावरच गेली होती. दाढीचा ब्रश आणि बांबूची कामटी घेऊन ती दिवसभर खळग्यांशी बसायची आणि प्रश्न विचारून शाल्मलीला भंडावून सोडायची.

"हाडं नाई सापडले, मंग नुसत्या खड्ड्यानं काय कळते व बाई?"

"हाड म्हणजे जनावर मेल्यानंतरची गोष्ट, गिरजाबाई. पाऊल जिवंतपणीच उमटतं. आणि ते नुसतं वरवर उमटत नाही. गोधड्यांच्या थप्पीवर तुम्ही बसलात, तर पार तळच्या गोधडीपर्यंत खळगा पडतो की नाही? तसंच चिखलाचं. वरचा ठसा पाण्यानं झिजला तरी खालचे थर वाकलेले राहतात. त्याला मी खालठसा म्हणते. हे माझं यंत्र, पदवाचक, ते थर एकेक करून वाचतं. भार कधी आला, कुठून कुठं सरकला, पाय उचलताना ओढला की झटकला. जनावर जसं चालत होतं तसं पुन्हा चालवून दाखवतं."

"आन् याहीचे नातेवाईक हायेत का आता कोठी?"

"आहेत की. एकीकडे मगर, एकीकडे कोंबडी. या दोघींच्या मधे डायनोसॉर बसतात."

"म्हंजे माह्या दारातली ते लंगडी कोंबडी भिवाच्या खानदानातली! अन् मी तिले रोज हाड्-हाड् करतो!" गिरजाबाई इतकी हसली, की ब्रश हातातून पडला. मग थांबून म्हणाली, "मगर पिलाईले तोंडात घेऊन जाते. कोंबडी पंखाखाली घेते. मंग हे मधातलेबी घेत असंल."

शाल्मलीचा सगळा प्रश्नच हा होता. नर्मदेच्या खोऱ्यात या जातीची घरटी सापडली आहेत. अंडी इतकी खेटून, की एवढ्या मोठ्या आईला त्यांत वावरताच आलं नसतं. पाय ठेवला की ऑम्लेट. म्हणून जाणकार म्हणत, की ही जनावरं अंडी पुरून निघून जात. पिलं आपापली वाढत. आई ही गोष्टच त्यांच्यात नव्हती.

पण भिवटोल्याच्या खडकावर मोठ्या पावलांच्या डाव्या अंगाला बशीएवढी लहान पावलं होती.

"दोघं वेगवेगळ्या दिवशी गेली असतील," विरोधकांनी लिहिलं. पदवाचकानं ते खोडून काढलं. चिखल दोन्ही ठशांखाली सारखाच ओला होता, म्हणजे दोघं एकाच तासात गेली होती. "बाजारात कितीतरी माणसं शेजारून चालतात," विरोधकांनी लिहिलं, "ती काय सगळी आई-लेकरं असतात?"

याचंही उत्तर शाल्मलीकडे होतं. तिनं त्याला नाव दिलं होतं साथचाल. कुणाच्या तरी सोबतीनं रोज चालणाऱ्याच्या पावलात ती सोबत मुरते. समोरच्याची उंची, वेग, दुखणं सगळं त्याच्या भारात उतरतं. मग सोबत नसली तरी ते पाऊल सोबतीसारखंच पडतं. गिरजाबाईला हे समजावून सांगायला ती शब्द शोधत होती, तर गिरजाबाईच म्हणाली, "जोडीतला येक बैल गेला, का दुसरा एकटा चालतानाबी जुवाच्या बाजूनं झुकते. हेच ना? हे सांगाले एवढी मोठी मशीन लागते?"

साथचाल सिद्ध करायला लांब ओळ हवी होती. आणि ओळ, चाळीस-पंचेचाळीस पावलं गेली की, पाऊलओट्याखाली शिरत होती.

पाऊलओटा म्हणजे खडकाच्या शेवटी, नदीच्या कड्यापर्यंत गेलेला मातीचा लांबट ओटा. भिवटोल्याची रीत अशी, की लेकरू चालू लागलं की ओट्यावर नदीची चिकणमाती पातळ सारवायची आणि आईनं हात धरून लेकराला तिच्यावरून चालवायचं. ठसे वाळू द्यायचे. पुढच्या लेकराच्या वेळी त्यांच्यावर नवा थर. भिवाच्या वाटेवर आपल्या लेकराचं पाऊल पडलं, की ते आयुष्यभर धडधाकट चालतं, असा समज. पदवाचकाचे किरण ओट्यातून आरपार जाऊन खालचा खडक वाचू शकत होते, काही खणायला नको होतं. फक्त यंत्र ओट्यावर ठेवायला पाय ठेवावा लागणार होता.

"ज्या बाईच्या लेकराचं पाऊल ओट्यावर नाई, तिचं पाऊलबी ओट्यावर नाई," गिरजाबाईनं सांगून टाकलं. "तुह्या पोट्टीले चालव. मंग काय करायचं ते कर."

"बूट घालून चालेल?"

"देवाच्या ओट्यावर बुटं? काय बोलून रायली व!"

शाल्मलीनं दोन दिवस ओट्याचं काम बाजूला ठेवलं. बकुळ दीड वर्षाची झाल्यावर चालायला लागली होती. जमिनीवरून उठताना ती दोन्ही हात मांड्यांवर रोवून, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखी उठायची. जिन्यावर थांबायची. हेरंब दोनदा म्हणाला होता, "एकदा दाखवून आणू या का?" आणि दोन्ही वेळा शाल्मली म्हणाली होती, "उशिरा चालायला लागली रे, एवढंच. आणि आळशी आहे. हो की नाही गं बकू? चल, पटपट!" जगातल्या कुठल्याही आईपेक्षा तिला चाल जास्त कळत होती. म्हणूनच ती लेकीच्या पायांकडे बघत नव्हती. दाखवलं असतं, तर दुखण्याचं नाव कळलं असतं. पण ते थांबवील असं औषध नव्हतं. मग जाणून घेऊन करायचं काय? जोवर कळलं नाही, तोवर बकुळ बरी होती.

शेवटी तिला कायदा आठवला. पदवाचकाला सात वर्षांखालचं पाऊल ओळखू येताच तो वाचणं थांबवी. ते कुलूप तिनंच बसवलं होतं. ओट्यावर बकुळची पावलं उमटतील, पण यंत्र ती वाचणार नाही. तिनं होकार दिला.

सकाळी बायकांनी ओटा सारवला. बकुळचे बूट शाल्मलीनं काठाशी काढून ठेवले आणि तिचा उजवा हात धरला.

"आई, गार! आई, पायाला गुदगुल्या!"

दोघी चालत गेल्या. बायका काहीतरी गाणं म्हणत होत्या. मधेच बकुळ चिखलात बसली, हसली, आणि हात मांड्यांवर रोवून, स्वतःच्या अंगावर चढत उभी राहिली. गाणं एक ओळभर थांबलं. मग गिरजाबाईनं मोठ्यानं पुढची ओळ उचलली.

दुपारी माती वाळली तेव्हा शाल्मलीनं यंत्र ओट्यावर ठेवलं आणि कडुलिंबाखाली पाटी घेऊन बसली. पाटी म्हणजे पदवाचकाचा पडदा. बकुळ शेजारीच सतरंजीवर झोपली होती.

आधी खडक आला. लहान जनावराचा मागचा पाय अठ्ठावन्नाव्या पावलापासून घसटू लागला होता. शंभराव्याच्या आसपास ते बसलं, पुन्हा उठलं. पुढं पोटाचा मोठा ठसा, आणि तिथून लहान पावलं नव्हतीच. मोठं जनावर तिथं उभं राहिलं होतं. त्याचे पाय चिखलात किती रुतले, त्यावरून यंत्रानं वेळ काढली होती : अकरा तास. मग ते निघालं. नदीच्या कड्याशी खडक तुटतो तिथपर्यंत आणखी सव्वीस पावलं होती. तेवढी सव्वीसच्या सव्वीस पावलं त्यानं लहान टाकली होती आणि डाव्या अंगाला कुणीतरी मावेल एवढी जागा सोडली होती. जागा रिकामी होती.

शाल्मलीचे डोळे भरून आले. साथचाल. आई होती ती. पण खाली यंत्रानं आणखी एक ओळ लिहिली होती, ती तिनं पुन्हा पुन्हा वाचली. लहानाचा पाय अठ्ठावन्नाव्या पावलाला घसटू लागला. मोठीचं पाऊल सतराव्यालाच आखूड झालं होतं. बघणाऱ्याला काही दिसण्याच्या कितीतरी आधी. तिच्या पायांना ते ठाऊक होतं.

मग आपोआप वरचा थर आला. आजचा.

'लहान : वय सातखाली. वाचन बंद.'

शाल्मलीनं श्वास सोडला. आणि त्याखाली :

'मोठी : वाचन पूर्ण. साथचाल आहे. सोबत डाव्या अंगाला, वजन सुमारे तेरा किलो. सोबतीच्या मांड्या व कंबर दुबळ्या, दुबळेपणा वाढता. सोबत आधाराशिवाय चालू शकेल तो काळ : अंदाजे सहा वर्षं. साथचालीची सुरुवात : सोळा महिन्यांपूर्वी.'

लेकीच्या पायांना तिनं मुके बूट घातले होते. स्वतःचे पाय मात्र उघडे ठेवले होते. चार महिने याच खडकावर, रोज. कायद्यानं मुलाचं पाऊल झाकलं. मुलाची चाल आईच्या पावलात असते, हे कायदा करणाऱ्यांना सुचलं नाही, आणि जिनं ते शोधून काढलं तिलाही सुचलं नाही. आणि सोळा महिने! आपल्याला काही माहीत नाही, असं ती सोळा महिने स्वतःला सांगत होती आणि तिचे पाय प्रत्येक पावलाला खरं बोलत होते.

गिरजाबाई मातीचं घमेलं घेऊन आली आणि बाजूला टेकली.

"काय म्हणते तुही मशीन?"

"ती मोठी... आईच होती, गिरजाबाई."

"ते नाई इचारलं मी."

शाल्मलीनं पाटी उलटी करून मांडीवर ठेवली. गिरजाबाई झोपलेल्या बकुळकडे बघत राहिली.

"मले पयल्याच दिवशी कळलं. लेकरू घरी निजून होतं, तू एकटी खडकावर आली. तरी डाव्या अंगाले येक लेकरू मावंल इतकी जागा सोडून चालत होती. पोट्टीच्या पायात बुटं घातले. तुह्या पायाचं काय?"

"मग ती अट..."

"तो नेम गावच्या सुनांचा हाये. पाव्हण्यांले कोन इचारते? तुह्यावर मीच लावला."

"का?" शाल्मलीचा आवाज चढला. "काय मिळालं तुम्हाला? मी सुखात होते!"

घमेल्याच्या काठावरची माती गिरजाबाई अंगठ्यानं आत लोटत होती.

"माह्या लेकीले, फुलवंतीले, रगताचा तो सिकल रोग होता. पाचवं सरलं अन् गेली. अख्खं गाव म्हणते, अचानक गेली, गिरजाले कळलंच नाई. मीबी तेच म्हणतो. वीस वर्सं झाले. पण तिच्यासंग चालताना माहं पाऊल कवा लहान झालं, ते मले ठाऊक हाये. कळलं होतं. अन् कळलं नाई असं दाखवाले मी तिच्यावर वरडत जाव. भरभर चाल, आळशी मेली, म्हणून." तिनं मान वर केली नाही. "लेकरू गेलं ते गेलं. ते कोनाच्या हातात होतं? पण ते वरडनं माह्या हातात होतं."

शाल्मलीला जिन्यावरची बकुळ दिसली. चल, पटपट!

पाटी थरथरली. यंत्र विचारत होतं. खडकावरच्या जोडीशी जुळणारी जिवंत जोडी त्याला प्रथमच सापडली होती. हत्ती, शहामृग, शेळ्या, माणसं, हजारो चाली त्याच्या साठ्यात होत्या, पण सगळ्या धडधाकट. दुबळ्या पिलासोबत चालणारी आई त्यांत एकच होती. तिची नोंद जोडली तर विरोधकांना तोंड उघडायला जागा राहणार नव्हती. 'थर एक. नोंद ठेवायची की पुसायची?'

नोंद ठेवली असती, तर बकुळची सहा वर्षं जगभरच्या जाणकारांनी वाचली असती. शाल्मलीनं 'पुसा'वर बोट ठेवलं. सहा कोटी सत्तर लाख वर्षांनी त्या आईला एक साक्षीदार मिळाली होती, आणि साक्षीदारानं तोंड मिटून घेतलं.

गिरजाबाईनं घमेल्यातली माती ओट्यावर ओतली, हातानं पसरली, दोघींची पावलं झाकली आणि मागं न बघता ओल्या मातीवरून उतरून गेली. तिची पावलं तेवढी उरली. ती वाचायला शाल्मलीला यंत्र लागलं नाही. साठीची काटक बाई, लांब टांगा टाकणारी. पण पावलं आखूड होती, आणि उजव्या अंगाला पाच वर्षांचं लेकरू मावेल एवढी जागा होती.

शनिवारी नागपूरला जाताना शाल्मलीनं वरोऱ्यात स्वतःच्या मापाचे मुके बूट घेतले. त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावर दिवाळीनंतर वाचती फरशी बसली होती. चालीचा कागद संध्याकाळपर्यंत घरच्या माणसांना जायचा, आणि आणखी कुणाकुणाला जायचा ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. गाडी लावल्यावर तिनं बूट चढवले, पट्टे आवळले आणि बकुळचा हात धरून निघाली.

दहा-बारा पावलांतच बिनसलं. पायाखालची जमीन लागेना. भार कुठं पडतोय ते कळेना. आपण पुढं गेलो, हे तिला हात ताणला गेला तेव्हा समजलं. बकुळ गुडघ्यांवर पडली होती. रडली नाही. हात मांड्यांवर रोवून सावकाश उठली आणि आईकडे अनोळखी नजरेनं बघू लागली.

"आई, तू दुसऱ्या कुणासारखी चालतेस."

शाल्मली तिथंच खाली बसली. लेकीचे गुडघे तिनं पदरानं पुसले. यावेळी तिनं त्या पायांकडे नीट पाहिलं, घोट्यापासून मांडीपर्यंत, जसं रोज एखादा ठसा पाहायची तसं. मग स्वतःच्या बुटांचे पट्टे सोडले, बूट काढले आणि वाहनतळाच्या खांबाशी ठेवून दिले.

"आता कशी चालू?"

"आपल्यासारखी," बकुळ म्हणाली.

काचेचं दार बाजूला सरकलं. पलीकडे फरशी नुकतीच पुसलेली, लखलखत होती. वर घरात हेरंब चहाचं आधण ठेवून वाट बघत असणार होता. शाल्मलीनं डाव्या अंगाला एक लेकरू मावेल एवढी जागा सोडली. त्या जागेत अजून बकुळ होती. दोघी हळूहळू फरशीवर चढल्या.